नुसते बघायचे वस्तरे

माझा धाकटा दीर दिगंबर जालन्यात त्याच्या वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध होता. त्याच्या बैठकीत एक काचेचं कपाट होतं आणि त्यात लाल मखमलीवर विलायती वस्तरे निजवून ठेवलेले असायचे. कोणाची मूठ हस्तिदंताची, कोणाची शिंपल्याची, कोणाच्या पात्यावर सोन्याच्या पाण्यानं काढलेली जहाजं, घोडे, बाया. कॉलनीतले लोक घरी पाहुणे आले की मुद्दाम त्यांना ते कपाट दाखवायला घेऊन यायचे. "साहेबांचा शौक बघा," म्हणायचे. साहेब न्हाव्याचा मुलगा आहे, हे मात्र त्या कॉलनीत एकालाही माहीत नव्हतं. ते कोणाला कळू नये यासाठी तो जन्मभर धडपडला. त्याच्याबद्दल लिहायचं तर हे आधी लिहावं लागतं. आता तो नाही. ते कपाट सुमननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पुण्याच्या कोणा हौशी माणसाला देऊन टाकलं. मी त्याला तोंडावर भावजी म्हणायची. इथं दिगंबरच लिहिते.

मी लग्न होऊन कुंभार पिंपळगावला आले तेव्हा तो शाळेत होता. सासरे गावची दाढी-डोई करायचे आणि सुगीला खळ्याखळ्यावर जाऊन बलुतं आणायचे. दिगंबरला शाळेच्या वाटेवर सासऱ्यांची धोकटी पाटलाच्या ओसरीवर पोचती करावी लागायची. धोकटी म्हणजे आमची हत्यारं ठेवायची चामड्याची पिशवी. पोरं त्याला "ए धोकट्या" म्हणायची. तो रडायचा नाही, भांडायचा नाही. घरी येऊन हात धुवायचा. साबणाची वडी झिजेपर्यंत धुवायचा. सासूबाई ओरडायच्या, "आरं, कातडं निघंल हाताचं!" मला तेव्हा हसू यायचं.

पुढे तो शिकला, औरंगाबादला कसलासा कोर्स केला आणि जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या एका कंपनीत लागला. आमचं आडनाव असं आहे की ते मराठ्यांतही सापडतं, आमच्यातही सापडतं, आणखी दोन-चार जातींतही सापडतं. आडनाव ऐकून लोकांनी आपल्या मनानं काय ते धरलं आणि यानं ते तसंच राहू दिलं. सुरुवातीला तो खोटं असं काही बोलला नाही. नुसता गप्प बसला.

हुशार होता. कंपनीत वर चढला, स्कूटर घेतली, घर घेतलं. पण एक गोष्ट त्याला जमेना. जालन्यातल्या सलूनमध्ये त्याला बसता येईना. आमच्या घरात वाढलेलं माणूस खुर्चीत बसलं की कारागिरानं सांगायच्या आत मान वळवतं. वस्तरा ओठाजवळ आला की वरचा ओठ आपणहून ताणून धरतं. लहानपणापासून बघून बघून अंगात बसलेलं असतं, ते जात नाही. एकदा एका कारागिरानं त्याला हळूच विचारलं म्हणे, "आपल्यातलेच का हो?" त्या दिवसापासून तो केस कापायला गावाला यायला लागला. आमचे मालक त्याला गोठ्यात, दार ओढून घेऊन, म्हशीशेजारी पाटावर बसवायचे. म्हैस त्याच्या पाठीवर शेपटी मारायची.

"हिला सांग की, गिऱ्हाईक आलंय म्हणून," मालक म्हणायचे.

"तिची बी कर एकदा, दादा. लई वाढलेत तिचे."

आणि दोघं भाऊ हसायचे. गोठ्यात तो आमचा असायचा. तिथं तो 'न्हाई' म्हणायचा, 'मंग' म्हणायचा. बाहेर येऊन अंगावर शर्ट चढवला की 'नाही' आणि 'मग' सुरू.

जालना जिल्हा झाला त्या साली दिवाळीला त्यानं पहिला वस्तरा आणला. कंपनीच्या कामाला हैदराबादला गेला होता, तिथल्या जुन्या बाजारात मिळाला. रुमालात गुंडाळून आणला होता. मालकांनी हात पुढे केला तर म्हणाला, "दादा, हात धू आधी."

"का? देव हाय का काय?"

"धू तर खरं."

मालक हात धुऊन आले. मूठ हस्तिदंताची होती, तिच्यावर द्राक्षाचा वेल कोरलेला. पात्यावर काचेच्या एका मोठ्या महालाचं चित्र, सोनेरी. एवढ्याशा जागेत खिडक्या सुद्धा मोजून घ्याव्यात अशा. मी तसली वस्तू कधी बघितली नव्हती, खोटं कशाला बोलू. मालकांनी पातं नखावर टेकवून बघितलं आणि हसायला लागले.

"आरं दिगू, ह्याला धारच न्हाई. बराबर टोपी घातली तुला कोणीतरी."

"टोपी न्हाई घातली. हे दाढीसाठी केलेलंच न्हाई."

"मंग काय भाकरीवर लोणी लावायला?"

तेव्हा त्यानं सगळं समजावून सांगितलं. विलायतेत पूर्वी मोठमोठी प्रदर्शनं भरायची. कारखानेवाले आपली करामत दाखवायला असे वस्तरे करायचे आणि काचेखाली ठेवायचे. राजेरजवाडे येऊन बघून जायचे. प्रदर्शन उठलं की वस्तरा पुन्हा डबीत. "ह्यानं आजवर एकाची बी दाढी केली न्हाई, दादा. एकाची बी न्हाई." हे तो अशा आवाजात बोलला, जसं कोणी एखाद्या खानदानी घराण्याचं मूळ सांगावं.

"मंग ह्याचं करायचं काय, भावजी?" मी विचारलं.

"काही करायचं न्हाई, वहिनी. नुसतं बघायचं."

हे त्याचं वाक्यच होऊन बसलं. एकाचे दोन झाले, दोनाचे दहा झाले. हैदराबादच्या जुन्या नवाबी घरांतून सामान निघायचं त्यात तो जाऊन बसायचा. कुठं कोणाकडे तसला वस्तरा आहे असं कळलं की रजा काढून जायचा. दर रविवारी सकाळी आंघोळ करून, मलमलचा तुकडा घेऊन एकेक वस्तरा पुसायचा. बोट पात्याला लागू द्यायचा नाही. मग ती सवय घरभर पसरली. सोफ्यावर पोरांनी चढायचं नाही, नुसतं बघायचं. कपबशांचा नवा सेट वापरायचा नाही, नुसता बघायचा. सुमन मला म्हणायची, "वस्तऱ्यावर धूळ बसली तर ह्यांना ताप येतो, जाऊबाई. माझ्यावर बसली तर दिसत सुद्धा न्हाई." सुमन आमच्यातलीच, परभणीकडची. तिनंही त्याच्यासारखंच तोंड मिटून घेतलं होतं. बिचारीला दुसरं काय करता येणार होतं.

आम्ही त्याच्या घरी फार जात नव्हतो. पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारीण साखर मागायला आली. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "पाहुण्या का?" दिगंबर पेपर वाचत होता. पेपर खाली न करता म्हणाला, "आमच्या गावच्या बाई आहेत." मी त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या होत्या. चहा कपात होता तो पिऊन टाकला, त्याची चव अजून तोंडात आहे. घरी येऊन मालकांना सांगितलं तर म्हणाले, "त्याची काहीतरी अडचण आसंल. आपल्याला काय कमी पडतं? गोठ्यात तर येतो ना."

मालकांच्या डोक्यात मात्र एक गोष्ट घोळत होती. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. कैची, वस्तरे, नखं काढायची नराणी, सगळं घासूनपुसून, धार लावून देवापुढे मांडायचं. बोथट हत्यार पूजेला ठेवायचं नाही, ही सासऱ्यांच्या बापापासूनची रीत. पूर्वी सासरे दोघा भावांची हत्यारं एकत्र मांडायचे. दिगंबरची म्हणून एक छोटी कैची असायची. मालक म्हणाले, "त्याच्या घरात एवढे वस्तरे पडलेत, एकाला बी कधी हळदीकुंकू लागलं न्हाई. बरं न्हाई ते." आणि एका खंडेनवमीला, काही न कळवता, धोकटी काखेला मारून ते जालन्याला निघाले. मीही निघाले. बरोबर पिशवीभर ज्वारी होती.

दारात आम्हाला बघून दिगंबरचा चेहरा उतरला. पण त्यानं बसा म्हटलं, हे खरं आहे. मालक सोफ्याच्या कडेला बसले. आम्ही पाणी प्यालो आणि तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. कंपनीचे मोठे साहेब, बायकोला घेऊन, वस्तरे बघायला आले होते. मी आत स्वयंपाकघरात गेले. पडद्याच्या फटीतून मला सगळं दिसत होतं.

साहेब आत आले. सोफ्यावर एक धोतरातला माणूस आणि त्याच्या पायाशी धोकटी. साहेबांनी भुवया वर केल्या.

दिगंबर म्हणाला, "हे आमच्या गावचे न्हावी. दसऱ्याच्या आधी वस्तऱ्यांचं तेलपाणी करायला बोलावून घेतो."

मालक त्याच्याकडे बघत राहिले. फार वेळ नाही. मग सोफ्यावरून उठले, खाली फरशीवर बसले आणि आपल्या धाकट्या भावाला म्हणाले, "जी, मालक."

सुमन माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला.

साहेब हौशी होते. सगळं कपाट बघून झाल्यावर त्यांनी तो काचेच्या महालाचा वस्तरा उचलला. "काय हो, याला धारच नाही?"

"साहेब, तो वापरायचा नाही. नुसता बघायचा," दिगंबर म्हणाला.

"असं कसं? वस्तरा म्हणजे धार पाहिजे. आणि कारागीर आयता बसलाय की इथं. काय हो, लागेल का धार?"

मालकांनी दिगंबरकडे बघितलं. दिगंबरनं साहेबांकडे बघितलं. आणि म्हणाला, "लावा."

मालकांना काय, ते त्यासाठीच आले होते. त्यांनी धोकटीतून दगड काढला, थेंबभर तेल टाकलं आणि मन लावून धार लावायला बसले. मग चामड्याच्या पट्ट्यावर पातं परजलं. हातावरचा केस उडवून बघितला. साहेब टाळ्या वाजवायचेच बाकी होते. "आता आलाच आहात तर माझी दाढीच करून टाका याच वस्तऱ्यानं," म्हणाले. "दुनियेत कोणी केली नसेल अशी दाढी!" त्यांच्या बायको म्हणाल्या, "अहो, पुरे की." पण ते गळ्याला रुमाल लावून बसले सुद्धा.

"गरम पाणी लागंल," मालक म्हणाले.

सुमन पाणी घेऊन निघाली तर दिगंबर स्वतः आत आला, तिच्या हातातून वाटी घेतली आणि बाहेर गेला. बाईमाणसाला कशाला, असं वाटलं असेल. तो वाटी धरून साहेबांच्या डाव्या हाताला उभा राहिला. कोणी सांगितलं नव्हतं. सासरे पाटलाची दाढी करायचे तेव्हा तो तसाच उभा राहायचा. वाटी छातीपाशी, जरा कललेली, वस्तरा बुडवायला सोपी. मालक वस्तरा पुढे करायचे आणि बघावं न लागता वाटी तिथं असायची. मालकांनी पहिल्यांदा वस्तरा बुडवला तेव्हा दोघांची नजर एकदा भेटली. मग मालकांनी खाली बघून काम केलं.

साहेब फेसातून म्हणाले, "तुम्ही वाटी छान धरता हो!"

"सवय नाही," दिगंबर म्हणाला.

दाढी झाली. साहेबांनी मालकांना बक्षीस द्यायला खिशात हात घातला तर दिगंबर घाईनं म्हणाला, "नको, नको, मी बघतो त्यांचं." साहेब गेल्यावर त्यांच्या गळ्याचा रुमाल मी उचलला. त्याच्यावर फेसात सोनेरी कण होते. दगडावर धार लावताना त्या महालाचं सोनं निघालं होतं. एक बाजू तर सगळी गेली होती, खिडक्या नाहीत, छप्पर नाही. मालकांना त्यातलं काही कळलं नव्हतं. ते खुशीत होते. जाताना दारात हळू आवाजात म्हणाले, "दिगू, चांगलं पोलाद हाय. लोण्यासारखं चाललं. आता पूजेला ठेव."

"ठेवतो," दिगंबर म्हणाला.

त्या वस्तऱ्याची माती झाली हे त्यानं मालकांना कधी सांगितलं नाही. गोठ्यात पाटावर बसून सुद्धा नाही. सुमननं मला सांगितलं की तो रात्रभर जागा होता आणि तो वस्तरा त्यानं कपाटातून काढून टाकला. पण भावाला बोलला नाही. हे मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवते. परत येताना बसमध्ये मी मालकांना म्हणाले, "तुम्ही त्याला मालक म्हणालात." ते म्हणाले, "मंग काय म्हणायचं व्हतं? तिथं साहेब बसलेले." आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले.

मधे बरीच वर्षं गेली. सासू-सासरे गेले. आमच्या मुलानं, संजयनं, गावात खुर्ची-आरशाचं दुकान टाकलं. दिगंबर केस कापायला येत राहिला, फक्त आता गोठ्यात म्हैस नव्हती.

एकदा जालन्यात कुठल्याशा मंडळानं जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. नाणी, दिवे, अडकित्ते असलं काहीबाही. दिगंबरच्या वस्तऱ्यांना मधलं टेबल दिलं होतं. एवढी वर्षं घरात पडलेले प्रदर्शनाचे वस्तरे खरोखरच्या प्रदर्शनात मांडायला मिळाले म्हणून तो आनंदात होता. नवा कोट शिवला होता, असं सुमननं कळवलं. आम्हाला बोलावणं नव्हतं. तिथं काय झालं ते आम्हाला किसनरावांकडून कळलं. किसनराव आमच्याच गावचे म्हातारे शेतकरी. नातवाकडे जालन्याला गेले होते आणि नातू त्यांना घेऊन प्रदर्शन बघायला गेला. परत आल्यावर ते नेहमीसारखे दाढीला आमच्या ओट्यावर बसले. संजयच्या खुर्चीवर ते बसत नसत. मालकच त्यांची दाढी करायचे.

"मी गेलो तिथं," किसनराव सांगत होते, "तर कोटवाला साहेब वस्तऱ्याची माहिती देऊन राह्यला. मी म्हणलं, आरं, हा तर आपला दिगंबर! मी मोठ्यानं म्हणलं, 'दिगंबरा, तुझ्या बापानं माझ्या लग्नात माझी दाढी केली, बापाचं नाव काढलं रे पोरा!' माझ्या डोळ्यात पाणी आल्तं."

मालकांचा हात चालूच होता. "मंग?"

"सगळे माझ्याकडं बघाया लागले. तो साहेब म्हणला, 'आजोबा, आपला काहीतरी गैरसमज झालाय. मी जालन्याचाच आहे.'"

मी दारात गहू निवडत होते. माझे हात थांबले.

"मी म्हणलं, 'चुकलो साहेब. आमच्या गावात एक पोरगं व्हतं, तुमच्यासारखंच दिसायचं. आता नजर राह्यली न्हाई.' आणि नातवाला म्हणलं, चल." किसनरावांनी दुसरा गाल पुढे केला. "खरंच न्हाई राह्यली नजर, गणपत. मलाच तसं वाटलं आसंल."

मालकांनी वस्तरा त्यांच्या गालापासून लांब धरला. मग म्हणाले, "न्हाई, किसनराव. नजर बराबर हाय तुमची."

पुन्हा त्या विषयावर बोलणं झालं नाही. गावात मात्र ते पसरलंच. संजय चिडला. म्हणाला, "आता काका केस कापायला आला तर मी सांगतो त्याला, जालन्याचाच कारागीर बघ." मालकांनी त्याला गप्प केलं. आणि दिगंबर आला. मान खाली घालून आला, गोठ्यात गेला, पाटावर बसला. मालकांनी दार ओढून घेतलं. मी बाहेर उभी होते. आतून फक्त कैचीचा आवाज येत होता, हसण्याचा आला नाही. बाहेर आल्यावर त्यानं माझ्याकडे पाणी मागितलं. मी दिलं. एवढा मोठा माणूस, स्कूटरवाला, कोटवाला, आणि माझ्यासमोर असा उभा होता की त्याच्यापेक्षा मलाच कुठं तोंड लपवावं ते कळेना.

मालक गेले ते पोटाच्या दुखण्यानं, चार-सहा महिने अंथरुणावर पडून. दिगंबर मातीला आला, खांदा दिला. दहाव्याला आम्ही सगळे गोदावरीवर गेलो. भावकीतले पुरुष ओळीनं बसले होते आणि अंतरवालीचे आमचे नातेवाईक एकेकाचं डोकं करत होते. दिगंबर बाभळीखाली उभा होता. डोकं काढून कॉलनीत गेलं की पहिला प्रश्न, कोण गेलं? भाऊ म्हटलं की दुसरा प्रश्न, कोणता भाऊ, काय करायचा, कधी दिसला कसा नाही? सगळ्यांना ते कळत होतं.

संजयचं डोकं झालं होतं. तो त्याच्याजवळ गेला. राग बाजूला ठेवून म्हणाला, "काका, नुसती एक बट दिली तरी चालतं. नोकरीवाले तसंच करत्यात."

दिगंबरनं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं. येऊन ओळीत बसला. "सगळं काढ," म्हणाला.

"मिशी?"

"सगळं म्हणलं ना."

भावकीसमोर, उघड्यावर, उन्हात बसला होता. वस्तरा यायच्या आत त्याची मान वळत होती. वरचा ओठ त्यानं स्वतः ताणून धरला. अंतरवालीचा म्हातारा कारागीर त्याला ओळखत नव्हता. तो कौतुकानं म्हणाला, "घरचंच लेकरू दिसतंय." दिगंबर म्हणाला, "हाव. धाकटा भाऊ." माझ्या कानांनी ऐकलं. तेवढ्यासाठी मी त्याचं मागचं सगळं सोडून दिलं असतं. त्या दिवशी मला तसं वाटलं खरं.

तेराव्यापर्यंत तो राहिला. पोरांच्या परीक्षा म्हणून सुमन आधीच परत गेली होती. तेराव्याला बुंदीचे लाडू केले होते. त्याच्या पोरांसाठी मी थोडे डब्यात भरले. मयताच्या घरचं परक्याला देत नाहीत, पण ती पोरं घरचीच. सकाळी तो निघाला आणि डबा ओट्यावरच विसरला. विधवेनं एवढ्यात घराबाहेर पडू नये म्हणतात. मी डबा घेऊन त्याच्या मागं स्टँडवर गेले. त्याला मी शेवटचं बघितलं ते तिथं.

त्यानं टोपी घातली होती. मी डबा दिला, त्यानं घेतला. "येतो, वहिनी. तब्येत सांभाळा," म्हणाला. एवढ्यात खताच्या दुकानातून एक माणूस पळत आला. पँट-शर्टातला, हातात बियाण्याची पाकिटं. त्याच्या कंपनीचा गावोगाव फिरणारा माणूस असावा.

"अहो साहेब! तुम्ही इकडं कुठं?" त्यानं नमस्कार केला आणि त्याची नजर टोपीखाली गेली, मग ओठावर गेली. आवाज उतरवून म्हणाला, "साहेब... कोण गेलं?"

दिगंबरच्या शेजारी मी उभी होते. कपाळ पुसलेली, हातात काकण नाही. त्यानं मान जरासुद्धा वळवली नाही.

"तिरुपतीला गेलो होतो," तो म्हणाला.

"असं होय! माझ्या तर पोटात गोळाच आला. वा, वा. दर्शन चांगलं झालं?"

"चांगलं झालं."

"मग प्रसाद एकट्यानंच खाणार का? डबा तर भरलेला दिसतोय!"

दिगंबरनं डब्याकडे बघितलं. मला वाटलं तो काहीतरी सांगेल, डबा दुसऱ्याचा आहे, रिकामा आहे, काहीही. त्यानं झाकण काढलं आणि डबा पुढे केला.

त्या माणसानं पाकिटं काखेत दाबली, पायातल्या चपला बाजूला सरकवल्या. दोन्ही हात पुढे करून लाडू घेतला, कपाळाला लावला. "गोविंदा, गोविंदा," म्हणाला आणि तोंडात टाकला. "जरा लहान दिसतोय, साहेब. आता लहान करायला लागले का?"

"हो. आता लहान करतात," दिगंबर म्हणाला.

बस आली. तो चढला आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. बस वळेपर्यंत मला त्याची मान दिसत होती, नुकतीच भादरलेली, पांढरी. त्यानं मागं बघितलं नाही.

तो माणूस अजून बोटं चाटत उभा होता. चांगला माणूस होता, त्याचा काय दोष. चपला पायात सरकवत मला म्हणाला, "मावशी, तुम्हाला मिळाला का प्रसाद?"

मी म्हणाले, "मिळाला."